इख्तिलाफ : उलेमांतील मतभेद आणि सामान्य मुसलमान

एखाद्या मसल्यावर (धर्मविषयक प्रश्नावर) जाणत्या आलिमांची, म्हणजे धर्मपंडितांची (अनेकवचन उलेमा), मते वेगळी पडणे म्हणजे इख्तिलाफ. सातारा-सांगली भागात त्याची गाठ रोजच्या नमाजातच पडते. देशावरचे बहुसंख्य मुसलमान हनफी, कोकणी मुसलमान शाफई; ही दोन मजहबांची, म्हणजे फिक्हच्या (धार्मिक नियमशास्त्राच्या) परंपरांची नावे. कुंभार्ली घाट चढून कराडला नोकरी-धंद्यासाठी आलेल्या चिपळूणकराच्या हिशेबाने असरची (दुपारनंतरच्या नमाजाची) वेळ होते, तेव्हा इथल्या मशिदीत अजून अजानही झालेली नसते. शाफई मताप्रमाणे, माध्यान्हीची सावली वगळून, वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी झाली की असर सुरू होते. ज्यांच्या नावाने हनफी मजहब ओळखला जातो त्या इमाम अबू हनीफा यांच्या प्रसिद्ध मताप्रमाणे ती दुप्पट व्हावी लागते. गंमत म्हणजे त्यांचे दोन थोर शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद या बाबतीत पहिल्याच मताचे आहेत. फजरमधला (पहाटेच्या नमाजातला) कुनूत, म्हणजे उभ्याने मागायची दुआ, मोठ्याने आमीन म्हणणे, जखमेतून रक्त वाहिले तर वुजू (नमाजाआधी हात-तोंड-पाय धुऊन केलेली शुद्धी) तुटतो की नाही, कोळंबी खावी की नाही, असे आणखी कितीतरी मसले.

अल्लाह एक आहे, पाच नमाज आणि रमजानचे रोजे फर्ज (बंधनकारक) आहेत, यावर वाद नाही. मतभेद फांद्यांचा आहे. एखादी हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतीची नोंद) एका इमामापर्यंत पोचली, दुसऱ्यापर्यंत नाही. पोचली तरी तिची सनद (ती सांगणाऱ्यांची साखळी) एकाला भक्कम वाटली, दुसऱ्याला कच्ची. कधी एकाच वाक्याचे दोन अर्थ निघाले. हे शेवटचे खुद्द पैगंबरांच्या हयातीत घडले. हिजरी ५ मध्ये ‘बनू कुरैजाच्या वस्तीत पोचल्याशिवाय कोणी असर पढू नये’ असा पैगंबरांचा हुकूम झाला (बनू कुरैजा ही मदिनेतली ज्यू जमात). वाटेत वेळ टळू लागली. काहींनी हुकुमाचा रोख ‘घाई करा’ असा धरून वाटेतच नमाज पढली, काहींनी शब्द धरून ती लांबवली. पैगंबरांनी दोघांपैकी कोणालाच बोल लावला नाही.

निवाडा करणाऱ्याने कसोशीने विचार केला आणि तो बरोबर निघाला तर दोन सवाब (पुण्य), चुकला तरी एक, ही हदीसही याच संदर्भात सांगितली जाते. ती सवलत इज्तिहादाची (मूळ आधारांवरून स्वतः निष्कर्ष काढण्याची) पात्रता असलेल्यासाठी आहे. मोबाइलवर तीन मिनिटांची क्लिप टाकणारा प्रत्येकजण त्यात बसत नाही.

सामान्य माणसाने काय करावे? ‘तुम्हाला माहीत नसेल तर जाणत्यांना विचारा’ (कुरआन १६:४३) हा मूळ आधार. हनफी उलेमा म्हणतात, एका मजहबची तक्लीद करा, म्हणजे त्याचेच मत माना. अहले हदीस (थेट कुरआन-हदीसवर चालणारा पंथ) तक्लीद मानत नाहीत, दलील (पुरावा) मागा म्हणतात. व्यवहारात दोघांच्या अनुयायांची गत फारशी वेगळी नसते: अरबी न येणारा माणूस दलील ऐकतो, तीही कोणाच्या तरी भरवशावरच. म्हणून खरा प्रश्न माणूस पारखण्याचा. त्याचे शिक्षण काय, तो अल्लाहला भिऊन बोलतो की जमातीतले वजन पाहून, हे मात्र अडाण्यालाही कळते.

एकाने नाही म्हटले की दुसऱ्याकडे, तिथेही नाही तर तिसऱ्याकडे, अशी सोयीचा फतवा शोधत फिरण्याची सवय बहुतेक उलेमांनी निषिद्ध मानली आहे. एका बैठकीतले तीन तलाक हनफी मताने तीन, अहले हदीसच्या मताने एक. रागात बोलून बसलेला हनफी नवरा दुसऱ्या दिवशी अहले हदीस मुफ्तीचे दार ठोठावी, त्यावर उलेमांत कडाक्याचे वाद होत. २०१९ च्या कायद्याने भारतात असा तलाक रद्दबातल आणि गुन्हाही ठरवला आहे.

पण खऱ्या अडचणीत दुसऱ्या मजहबचे मत उलेमांनीच घेतल्याची ठळक उदाहरणे आहेत. बेपत्ता नवऱ्याच्या बायकोला हनफी फिक्हमध्ये जवळजवळ जन्मभर थांबावे लागे. मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी मताचा आधार घेऊन वाट काढली, आणि १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात चार वर्षांची मुदत आली.

मतभेद असला तरी सफ (नमाजातली एकत्र रांग) मात्र मोडायची नाही. खलीफा उस्मान यांनी हजच्या वेळी मिना येथे प्रवासातल्या दोनऐवजी चार रकात (नमाजाचे टप्पे) पढवल्या. पैगंबरांचे साथी इब्ने मसऊद यांना ते पटले नव्हते. तरी त्यांच्यामागे त्यांनी चार पढल्या. विचारले तेव्हा म्हणाले, फूट वाईट.

प्रत्येक वाद इख्तिलाफ असतोच असे नाही. कडेगावच्या मोहरममध्ये उंच ताबूत निघतात, त्यात हिंदूही सहभागी असतात. ताजियादारीविरुद्ध (ताबूत काढण्याच्या प्रथेविरुद्ध) देवबंदी आणि बरेलवी या दोन्ही परंपरांतल्या प्रमुख आलिमांनी लिहिले आहे. म्हणजे इथे ताण आलिम-आलिमांत कमी, आलिम आणि गावरिवाज यांच्यात जास्त. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांच्या स्मरणार्थ गाणे होते, त्याची गोष्ट निराळी: संगीताबद्दल उलेमांत, विशेषतः सूफी परंपरेत, जुना आणि खराखुरा मतभेद आहे.

रमजान-ईद ठरवणाऱ्या चंद्राचा मसला एकट्याने सोडवण्याचा नाहीच. एका गावी दिसलेला चंद्र दुसऱ्या गावाला लागू होतो का, यावरही मजहब वेगळे आहेत. निर्णय चाँद कमिटीने द्यायचा आणि गावाने पाळायचा. ज्याने ईदचा चंद्र एकट्यानेच पाहिला आणि ज्याची साक्ष मानली गेली नाही, त्याने हनफी फिक्हप्रमाणे दुसऱ्या दिवशीही रोजा ठेवायचा. शाफई फिक्हप्रमाणे त्याने रोजा सोडायचा, पण कोणाला न दाखवता.