ड्रोन देताना आम्ही एवढी चौकशी का करतो?

"भाऊ, लग्नाचं शूटिंग आहे, बॉम्ब टाकायचाय का?" आधार कार्डाची झेरॉक्स मागितली की काउंटरवर हे हमखास ऐकायला मिळतं. म्हणून हे पत्रक.

मागच्या लग्नसराईत एक ग्राहक स्वतःचा ड्रोन घेऊन आले. वरमालेच्या वेळी वरून गुलाबपाकळ्या पडाव्यात म्हणून ड्रोनच्या पोटाखाली बटण दाबताच उघडणारी पकड बसवून हवी होती. आम्ही नाही म्हटलं. ते रागावून गेले. पण २०१६-१७ मध्ये मोसुलच्या लढाईत इसिसने दुकानात मिळणारे साधे क्वाडकॉप्टर घेऊन, त्यांना अशाच पकडी लावून खालच्या सैनिकांवर छोटे बॉम्ब टाकले होते. पकडीला काय कळतं, पाकळी की बॉम्ब! पाकळ्या हव्याच असतील तर आमचा ड्रोन आणि आमचाच पायलट येईल. गिऱ्हाइकाच्या ड्रोनला पकड बसवून मिळणार नाही.

हे फक्त इराकपुरतं नाही. २७ जून २०२१ च्या पहाटे जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनमधून दोन स्फोटकं टाकली गेली, दोन जवान किरकोळ जखमी झाले. पंजाबात २०१९ मध्ये सीमेपलीकडून ड्रोनने शस्त्रं टाकल्याचं उघड झालं. स्वस्त, धावपट्टी नको, रडारला सहज दिसत नाही आणि उडवणारा लांब बसलेला, म्हणून अशा टोळ्यांना हे यंत्र सोयीचं पडतं.

आता आपलं नागपूर. सोनेगावला विमानतळ, वायुसेनानगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय, अंबाझरीला आयुध निर्माणी, कामठीला छावणी. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मोकळीक आहे, त्याच्या आत परवानगीशिवाय उड्डाण नाही. वर्धा रोडवरच्या लॉनचं बुकिंग असेल तर तारीख ठरताच सांगा, आदल्या दिवशी नको. डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोनसाठीच्या वेबसाइटवरचा नकाशा आम्ही तुमच्यासमोरच उघडून दाखवू. फुटाळ्यावरच्या प्री-वेडिंगलाही हेच लागू. अधिवेशनाच्या दिवसांत आम्ही आधी पोलीस ठाण्यात विचारतो, मगच होकार देतो.

२५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनला नोंदणी क्रमांक लागतो आणि पैसे घेऊन शूटिंग करणाऱ्याकडे पायलटचं प्रमाणपत्र. ही कागदपत्रं आमच्याकडे आहेत, मागा, दाखवू.

एक शेवटचं. गच्चीवर किंवा शेतात पडलेला अनोळखी ड्रोन दिसला तर उचलू नका, फोटोसाठीही जवळ जाऊ नका. ऑक्टोबर २०१६ मध्ये उत्तर इराकात पडलेला ड्रोन तपासताना आतली स्फोटकं फुटून दोन कुर्दी सैनिक गेले. पोरांना लांब ठेवा, ११२ ला फोन करा. तो ड्रोन आमच्या दुकानातून गेलेला असेल तर पोलिसांनी सिरीयल नंबर सांगताच वहीतून नाव निघेल. झेरॉक्स घेतो ती यासाठीच.