फौंड्रीसाठी सॉफ्टवेअर: तयार घ्यावे की बनवून घ्यावे?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या औद्योगिक वसाहतींतल्या लहान-मध्यम फौंड्री (धातू वितळवून साच्यात ओतणारे कारखाने) आणि मशीनशॉपसाठी हे माहितीपत्रक आहे. आम्ही सॉफ्टवेअर बनवून देतो. तरीही पहिला सल्ला असा: जमाखर्च, जीएसटी आणि पगार यांसाठी काहीही नव्याने बनवून घेऊ नका. बनवून घ्यायचेच असेल तर फक्त तुमच्या कामाची जी पद्धत बाजारातल्या पॅकेजमध्ये बसत नाही तेवढाच भाग घ्या.

हिशेबाचा भाग तयारच का घ्यावा

या भागाचे नियम सरकार ठरवते आणि ते वारंवार बदलतात. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला. ई-इनव्हॉइस (बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणे) ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींवरील उलाढालीला लागू झाले आणि १ ऑगस्ट २०२३ पर्यंत ती मर्यादा ५ कोटींवर आली. १ एप्रिल २०२३ पासून कंपनी म्हणून नोंदलेल्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक दुरुस्तीची नोंद राहणे बंधनकारक झाले, आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. २२ सप्टेंबर २०२५ ला कराचे दर बदलले. तयार पॅकेजवाला असा बदल एकदा करतो आणि खर्च हजारो ग्राहकांत वाटला जातो. स्वतंत्र बनवून घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये तो सगळा तुमच्या एकट्यावर येतो, शिवाय मुदतीच्या आत व्हावा लागतो.

शॉपफ्लोअरवर तयार पॅकेज कुठे अडते

इथे घाई करू नका. आमच्या मते निर्णय इथेच होतो.

पहिली अडचण नग आणि किलोची. कास्टिंग (साच्यात ओतून केलेला भाग) नगावर मोजले जाते, पण दर बऱ्याचदा किलोवर असतो आणि प्रत्यक्ष वजन ड्रॉइंगवरच्या वजनाशी तंतोतंत जुळत नाही. अनेक पॅकेजमध्ये एका नगाला ठरावीक वजन बांधलेले असते. मग महिन्याअखेर स्टॉक नगांत जुळतो, किलोत जुळत नाही.

दुसरी, परत भट्टीत जाणारा धातू. १,००० किलो धातू ओतला आणि ६५० किलो चांगली कास्टिंग निघाली, तर उरलेले ३५० किलो सगळे वाया गेलेले नसतात. त्यातले रनर, रायझर (साच्यात धातू नेणाऱ्या आणि पुरवणाऱ्या वाटांत गोठलेला धातू) आणि नाकारलेले नग पुन्हा चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत टाकायच्या मालात, येतात. फक्त जळालेला आणि सांडलेला धातू खरा तोटा. हे वेगळे मांडता आले नाही तर यील्डचा (ओतलेल्या धातूतून किती चांगली कास्टिंग निघाली त्याचा) आकडा भरवशाचा राहत नाही आणि किलोमागचा खर्चही चुकतो.

तिसरी, हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या एका वितळणीचा क्रमांक. ब्लोहोल (वायूमुळे कास्टिंगमध्ये राहिलेली पोकळी) बऱ्याचदा ग्राहकाकडे मशीनिंग झाल्यावर, काही आठवड्यांनी दिसतो. तेव्हा त्या नगावरून हीट, त्या हीटचा चार्ज, स्पेक्ट्रोमीटरचे (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राचे) कार्बन-सिलिकॉनचे आकडे, वाळूची आर्द्रता आणि मोल्डिंगची पाळी इथपर्यंत मागे जाता आले पाहिजे. साध्या बॅच नंबरने हे निम्मेच होते. बॅच मालाला जोडलेली असते, प्रक्रियेला नाही.

चौथी, जॉबवर्क, म्हणजे आपला माल बाहेरच्याकडून काम करून घेणे. फेटलिंग (कास्टिंगवरचा जादा धातू काढून साफ करणे) आणि मशीनिंगला बाहेर गेलेला माल जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे एका वर्षात परत यावा किंवा तिथूनच विकला जावा लागतो. नाहीतर तो पाठवला त्याच दिवशी पुरवठा झाला असे धरले जाते, आणि कर व्याजासह भरावा लागतो. परत येणारे नग हप्त्याहप्त्याने येतात, वजन कमी झालेले असते, चिप्स जॉबवर्करकडेच राहतात. प्रत्येक चलनावर किती नग बाकी आणि त्याला किती दिवस झाले, हे एका पडद्यावर दिसायला हवे.

तपासणी कशी करावी

विक्रेत्याने आणलेला नमुना डेटा पाहू नका. त्यात सगळेच जुळते. तुमचे सलग १५ दिवसांचे खरे कागद काढा. त्यात अर्धवट आलेले एक जॉबवर्क चलन, मशीनिंगनंतर नाकारलेला एक लॉट आणि त्याची डेबिट नोट, मध्येच दर बदललेली एक पर्चेस ऑर्डर आणि ग्राहकानेच दिलेल्या कोअरचा (कास्टिंगमध्ये पोकळी ठेवण्यासाठी साच्यात बसवायच्या भागाचा) एक जॉब असलाच पाहिजे. हे सगळे तुमच्याच स्टोअरकीपरकडून भरून घ्या, विक्रेत्याच्या माणसाकडून नाही. ज्या नोंदीला "हे एक्सेलमध्ये ठेवा" असे उत्तर मिळते ती लिहून ठेवा. महिन्यातून एकदा येणारी अडचण एक्सेलमध्ये खुशाल ठेवा. रोज येणारी असेल तर तेवढा भाग बनवून घेण्यासारखा आहे.

मधला मार्ग म्हणजे तयार पॅकेजमध्ये भर घालणे. टॅली या हिशेबाच्या पॅकेजमध्ये त्याच्याच टीडीएल भाषेत ती घालता येते. मात्र फक्त टीसीपी फाइल (टीडीएलचे तयार, न वाचता येणारे रूप) घेऊन थांबू नका, मूळ टीडीएल मजकूरही मागा; नाहीतर नवी आवृत्ती आल्यावर दुरुस्तीला दुसरा कोणी हात लावू शकत नाही.

पाच वर्षांचा खर्च मांडा

आकडे फक्त पद्धत दाखवण्यासाठी आहेत. तयार पॅकेज: ८ जणांसाठी दरमहा माणशी ७०० रुपये, ६० महिन्यांचे ३,३६,००० आणि सुरुवातीची मांडणी १,५०,०००, एकूण ४,८६,०००. बनवून घेतलेले: ५,००,०००, दुसऱ्या वर्षापासून देखभाल वर्षाला ९०,००० म्हणजे चार वर्षांचे ३,६०,०००, सर्व्हर दरमहा २,५०० प्रमाणे १,५०,०००, एकूण १०,१०,०००. फरक ५,२४,०००, म्हणजे महिन्याला सुमारे ८,७३०. रिजेक्शनचे कारण लवकर सापडल्याने एवढे वाचणार असतील तरच पुढे जा. देखभाल न धरता केलेली तुलना हमखास फसवते.

बनवून घेताना करारात काय हवे

कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे, बाहेरच्या व्यक्तीकडून लिहून घेतलेल्या सॉफ्टवेअरचा हक्क पैसे दिल्याने आपोआप तुमच्याकडे येत नाही. हक्क लेखी आणि सहीनिशी हस्तांतरित व्हावा लागतो. कलम १९ नुसार त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि क्षेत्र लिहिले नसेल तर फक्त भारत. म्हणून दोन्ही स्पष्ट लिहा. ही अट आमच्याशी होणाऱ्या करारातही घाला. सोर्स कोड प्रत्येक टप्प्याला ताब्यात घ्या. सर्व्हर आणि डोमेन तुमच्याच नावावर असू द्या.

पैसे टप्प्यांनी द्या आणि किमान १५ टक्के रक्कम दोन महिनाअखेरी नीट पार पडेपर्यंत राखून ठेवा. पहिल्या महिन्यात सगळे लक्ष घालतात. चुका दुसऱ्या महिन्यात, जुनी बाकी पुढे ओढताना दिसतात.

हिशेबाच्या पॅकेजशी जोड कशी असेल तेही लिहून घ्या. बिल एकाच ठिकाणी तयार व्हावे, शक्यतो हिशेबाच्या पॅकेजमध्ये; दोन्हीकडे बिल निघाले की क्रमांक दुबार होतात. जीएसटी बिलाचा क्रमांक १६ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही, त्यामुळे वसाहत, विभाग, वर्ष असे सगळे त्यात कोंबू नका.

सुरुवात महिन्याच्या १ तारखेला, प्रत्यक्ष मोजणी करूनच करा. जॉबवर्करकडचा शिल्लक माल एकूण आकड्याने भरू नका. एकेक चलन मूळ तारखेसह भरा, नाहीतर वर्षाची मुदत मोजता येणार नाही.