किडनी नवी, विषाणू जुना

नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, असं आपल्याकडे अजूनही घरोघरी ऐकू येतं. ते खरं नाही. नागिणीचे फोड मज्जातंतूच्या वाटेनं उठतात, म्हणून बहुधा अंगाच्या एकाच बाजूला पट्टा दिसतो. पण किडनी बदललेल्या माणसाला नागीण झाली, तर मात्र तासही मोजावे लागतात.

परळच्या रुग्णालयांबाहेर मास्क लावून, औषधांची पिशवी सांभाळत उभी असलेली किडनी बदललेली माणसं पाहिली असतील. लोकलच्या गर्दीत कसली तरी लागण होईल, ही त्यांच्या घरच्यांची मोठी धास्ती. हर्पिस कुळातले विषाणू मात्र बरेचदा आधीपासून अंगातच असतात. लहानपणच्या कांजिण्या बऱ्या होतात, त्यांचा विषाणू मणक्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत झोपून राहतो. तोच पुढे नागीण आणतो. ओठावर जर, म्हणजे बारीक फोड, उठवणारा विषाणूही त्याचा भाऊबंदच. नवी किडनी शरीरानं परकी म्हणून नाकारू नये यासाठी टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट अशी औषधं देतात. त्यांनी प्रतिकारशक्तीचा पहारा ढिला होतो आणि हे झोपलेले जागे होतात.

डॉक्टर सर्वांत जास्त जपून असतात ते याच कुळातल्या सीएमव्हीपासून, म्हणजे सायटोमेगॅलो विषाणूपासून. भारतात बहुतेक प्रौढांच्या अंगात तो असतोच. किडनी देणाऱ्याला आहे आणि घेणाऱ्याला नाही, ही जोडी सर्वांत धोक्याची. ताप, जुलाब, पांढऱ्या पेशी घटणं. शिवाय शरीर किडनी नाकारण्याची भीतीही वाढते. म्हणून बऱ्याच रुग्णांना पहिले ३ ते ६ महिने व्हॅलगॅन्सिक्लोविर हे विषाणूरोधक औषध देतात, किंवा ठरावीक दिवसांनी रक्तात विषाणू शोधणारी पीसीआर चाचणी करतात.

नागिणीवरचं असायक्लोविर मला फार विलक्षण वाटतं. गोळी पोटात जाते तेव्हा ते जवळजवळ निष्क्रिय असतं. विषाणूचंच एक विकर (एन्झाइम) त्याला जागं करतं आणि विषाणूची वाढ थांबते. ते शोधणाऱ्या चमूच्या प्रमुख गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल मिळालं. प्रत्यारोपणात वर्षानुवर्षं वापरलं गेलेलं अझाथायोप्रिनही त्यांचं आणि त्यांचे सहकारी जॉर्ज हिचिंग्ज यांचंच. पहारा ढिला करणारं औषध आणि त्यामुळे जागा होणारा विषाणू आवरणारं औषध, दोन्हींमागे एकच बाई!

फोड दिसले की लेप लावत बसू नका. पहिल्या ७२ तासांत औषध सुरू व्हायला हवं. आणि कांजिण्या कधीच झाल्या नसतील, तर डायलिसिसवर असतानाच डॉक्टरांना लशीबद्दल विचारा. तिच्यात जिवंत विषाणू असतो, त्यामुळे प्रत्यारोपणानंतर ती सहसा देत नाहीत.