लेप्रा प्रतिक्रिया

कुष्ठरोगाच्या जंतूंना शरीराची प्रतिरक्षा यंत्रणा जो प्रतिसाद देते, त्यात एकाएकी चढ-उतार झाल्यामुळे त्वचा, मज्जातंतू, डोळे आणि काही वेळा सांधे व वृषण यांत उद्भवणाऱ्या तीव्र दाहास लेप्रा प्रतिक्रिया म्हणतात. ती रोगनिदानाच्या वेळीच आढळू शकते, उपचार चालू असताना उद्भवू शकते, किंवा सर्व औषधे घेऊन झाल्यावर काही महिन्यांनी, क्वचित काही वर्षांनीही येऊ शकते. वाकडी झालेली बोटे, लुळे पडलेले पाऊल, न मिटणारी पापणी ही जी चिन्हे लोकांच्या मनात या रोगाशी कायमची जोडली गेली आहेत, त्यांतील मोठा भाग जंतूंपेक्षा या दाहाची देणगी असतो. दाह लवकर ओळखला, तर यातले बरेचसे नुकसान टाळता येते. सांगली जिल्ह्यात, विशेषतः मिरजेत, कुष्ठरोगसेवेची परंपरा जुनी असल्यामुळे तेथील वैद्यकीय व्यवहारात ‘रिअ‍ॅक्शन आली’ हे शब्द रुग्णांच्या तोंडीही सहज येतात.

कुष्ठरोगाचा जंतू, मायकोबॅक्टेरियम लेप्री, नॉर्वेतील आर्माउअर हॅन्सन यांनी १८७३ मध्ये प्रथम पाहिला. तो कमालीचा संथ असून त्याचे एक विभाजन होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. प्रयोगशाळेतील कृत्रिम माध्यमावर तो आजही वाढवता आलेला नाही. शरीरातील थंड भाग त्याला मानवतात, म्हणून त्वचा, नाक, कानाच्या पाळ्या आणि त्वचेलगत उथळ धावणारे मज्जातंतू येथे त्याचा वास असतो. मज्जातंतूंना वेष्टण पुरवणाऱ्या श्वान पेशींमध्ये शिरून तो वर्षानुवर्षे राहतो. मात्र तो कोणतेही जहाल विष सोडत नाही. कोट्यवधी जंतू अंगात असूनही एखाद्या रुग्णाला ताप नसतो, वेदना नसतात, आणि तो नेहमीप्रमाणे शेतात राबत असतो. शरीराला जेव्हा या जंतूंची जाग येते, तेव्हाच खरी पडझड सुरू होते.

ही जाग प्रत्येकात सारखी नसते. डी. एस. रिडली व डब्ल्यू. एच. जॉपलिंग यांनी १९६६ मध्ये मांडलेले वर्गीकरण याच भेदावर उभे आहे. एका टोकाला ट्युबरक्युलॉइड रुग्ण असतो : त्याच्या टी-लसिकापेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) जंतूंना जोमाने ओळखतात, गॅमा इंटरफेरॉनसारखी द्रव्ये स्रवून जंतू गिळणाऱ्या भक्षिपेशींना चेतवतात, आणि परिणामी जंतू अगदी थोडे उरतात, चट्टेही एक-दोनच दिसतात. दुसऱ्या टोकाला लेप्रोमॅटस रुग्ण असतो : त्याच्या रक्तात प्रतिपिंडे मुबलक असतात, परंतु पेशींच्या आत दडलेल्या जंतूंपुढे त्यांचा काही उपयोग होत नाही, आणि टी-लसिकापेशी या एकाच जंतूपुरत्या जणू मुक्या झालेल्या असतात. या दोहोंच्या मधल्या सीमावर्ती गटात बहुसंख्य रुग्ण येतात. त्यांची प्रतिरक्षा स्थिर नसते, ती कोणत्याही बाजूला सरकू शकते, आणि हे सरकणे म्हणजेच प्रतिक्रियेचे मूळ होय.

प्रकार : पहिल्या प्रकारची प्रतिक्रिया सीमावर्ती रुग्णांत होते. जंतूंविरुद्धची पेशीय प्रतिरक्षा अचानक वाढते, जुने फिकट चट्टे लाल होऊन फुगतात, कधी तळहात-तळपायांना सूज येते. त्वचेवरील हा दाह दिसायला भीतिदायक असला तरी बहुधा मागमूस न ठेवता ओसरतो; घात होतो तो मज्जातंतूत. मज्जातंतूच्या आत सूज आली की बाहेरचे आवरण फारसे ताणले जात नाही, आतला दाब वाढतो, रक्तपुरवठा आवळला जातो, आणि त्याच वेळी गॅमा इंटरफेरॉन व ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर ही दाहकारक द्रव्ये तंतूंना इजा करत असतात. काही आठवड्यांत, क्वचित काही दिवसांतच, संवेदना व शक्ती कायमची जाऊ शकते. कोपराजवळील अल्नर मज्जातंतू गेला तर करंगळी व अनामिका आत वळतात. गुडघ्याच्या बाहेरील बाजूचा गेला तर पाऊल उचलत नाही व चालताना चप्पल घसटते. घोट्याजवळील पश्च टिबियल गेला तर तळपाय बधिर होतो. चेहऱ्याचा गेला तर डोळा मिटत नाही. ऊस, हळद व द्राक्षे यांवर जगणाऱ्या सांगली जिल्ह्यात अशा बधिरतेचा अर्थ फार ठोस आहे. कोयत्याची मूठ किती घट्ट धरली हे हाताला कळत नाही, गुऱ्हाळातील काहिलीचा चटका वेळेवर जाणवत नाही, छाटणीची कात्री लागलेली रक्त दिसल्यावर समजते, आणि अनवाणी पायात रुतलेला काटा जखम चिघळल्यावर सापडतो.

याच प्रकाराचे एक रूप अधिक फसवे आहे. त्यात वेदना नाही, चट्टा लाल नाही, रुग्णाची तक्रार नाही. मज्जातंतू निमूटपणे निकामी होत जातो. ते केवळ नियमित तपासणीतच हाती लागते. म्हणून आरोग्य कर्मचाऱ्याने दर खेपेस बॉलपेनच्या टोकाने तळहात-तळपायांची संवेदना पाहणे, करंगळी बाहेर ताणून धरायला सांगून तिची ताकद अजमावणे आणि डोळे घट्ट मिटायला लावणे ही दहा मिनिटांची तपासणी या रोगात महागड्या यंत्रांहून मोलाची आहे.

दुसऱ्या प्रकारची प्रतिक्रिया भरपूर जंतू असलेल्या लेप्रोमॅटस बाजूच्या रुग्णांत होते. मेलेल्या जंतूंतून बाहेर पडलेले प्रतिजन (प्रतिरक्षा यंत्रणेला चेतवणारे अंश) व रक्तातील प्रतिपिंडे यांची संयुगे ठिकठिकाणी साचतात, न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी तेथे धाव घेतात, रक्तातील ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टरचे प्रमाण वाढते. त्वचेवर लालसर, हात लावताच दुखणाऱ्या गाठी उठतात, ताप भरतो, सांधे धरतात. डोळ्यातील कनीनिकेचा दाह होऊन दृष्टीला धोका पोहोचू शकतो, वृषणाचा दाह झाल्यास वंध्यत्व येऊ शकते. ही प्रतिक्रिया पुनःपुन्हा उलटते व काही रुग्णांत वर्षानुवर्षे चालू राहते. पहिल्या प्रकाराच्या तुलनेत हिचा त्रास संपूर्ण शरीराला होतो, आणि रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाचे सारे घरच तिच्यामुळे खचते.

प्रतिक्रियेस निमित्त काय होते हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही. दुसरा एखादा संसर्ग, मानसिक ताण, गर्भारपण व बाळंतपण ही ज्ञात कारणे आहेत. गर्भारपणात पेशीय प्रतिरक्षा काहीशी मंदावते व प्रसूतीनंतर ती पूर्ववत होते, तेव्हा पहिल्या प्रकारच्या प्रतिक्रियेचा धोका वाढतो. आपल्याकडे पहिलटकरीण बाळंतपणासाठी माहेरी जाते, तिचे उपचारपत्र सासरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असते, आणि नेमक्या धोक्याच्या महिन्यांत तिच्यावर लक्ष ठेवणारे कोणी उरत नाही. या अडचणीचा विचार कार्यक्रम आखताना व्हायला हवा. ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातून आणि जिल्ह्याच्याच दुष्काळी पूर्व भागातून कारखान्यांकडे येणाऱ्या टोळ्यांबाबतही हेच म्हणता येईल.

याहून मोठा अडथळा समजुतीचा आहे. बहुविध औषधोपचाराची, म्हणजे अनेक जंतुनाशक औषधे एकत्र असलेली, पाकिटे सुरू झाल्यावर चट्टे लाल झाले किंवा गाठी उठल्या, तर ‘गोळ्या उष्ण पडल्या’ असे घरचे लोक म्हणतात, पाकीट बाजूला ठेवले जाते, थंड म्हणून ताक-सब्जा सुरू होतो. अनुभवाच्या दृष्टीने ही समजूत अगदीच निराधार नाही, कारण औषध सुरू झाल्यानंतरच्या महिन्यांत प्रतिक्रिया अधिक दिसते. तथापि गोळ्या थांबवल्याने दाह शमत नाही. जंतू मात्र उरतात. प्रतिक्रिया आली तरी जंतुनाशक औषधे चालूच ठेवायची आणि दाहावर वेगळा उपचार करायचा, हा नियम रुग्णाला पहिल्याच दिवशी, त्याच्या घरातल्या माणसांदेखत सांगितला पाहिजे.

उपचार : दोन्ही प्रकारांत मुख्य औषध प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड होय. मज्जातंतूचे काम बिघडून सहा महिने झाले नसतील तर सुधारण्याची आशा चांगली असते, त्यानंतर ती झपाट्याने घटते. साधारणपणे दिवसाला ४० मिलिग्रॅमपासून सुरुवात करून मात्रा हळूहळू उतरवतात. पूर्वी हा क्रम १२ आठवड्यांचा असे. भारतातील एका बहुकेंद्री चाचणीत पाच महिन्यांचा उपचार तीन महिन्यांच्या उपचारापेक्षा सरस ठरला, तर पुढे २० व ३२ आठवड्यांची तुलना झाली तेव्हा दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. स्टेरॉइड देण्यापूर्वी मधुमेह, क्षयरोग व पोटातील जंत यांची खातरजमा करावी लागते. सूज असलेल्या अवयवाला आधारपट्टी बांधून विश्रांती देणे, नंतर तेल लावून बोटांचा व्यायाम करणे हा उपचाराचाच भाग आहे. दुसऱ्या प्रकारात क्लोफॅझिमिन मोठ्या मात्रेत देतात. त्याचा गुण सावकाश येतो आणि त्वचा काळसर-तांबूस होते, त्यामुळे विशेषतः तरुण मुली ते घेण्यास नाखूश असतात. ही नाराजी क्षुल्लक मानू नये, कारण काळवंडलेला चेहरा गावाला रोगाची बातमी देतो.

थॅलिडोमाइडचा इतिहास या संदर्भात विलक्षण आहे. गर्भावरील भयंकर दुष्परिणामांमुळे १९६१ च्या अखेरीस बाजारातून काढून घेतलेले हे औषध जेरुसलेममधील जेकब शेस्किन यांनी १९६४ मध्ये दुसऱ्या प्रकारच्या प्रतिक्रियेने तळमळणाऱ्या रुग्णांना केवळ झोप लागावी म्हणून दिले, आणि त्यांचा ताप व गाठी काही दिवसांतच ओसरल्या. असे का घडले याचा एक महत्त्वाचा दुवा १९९१ मध्ये मिळाला : गिला कॅप्लन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे औषध ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टरची निर्मिती कमी करते असे दाखवले. आजही गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रियांना ते कठोर बंधनांशिवाय देता येत नाही.

मिरजेत विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेले आणि पंचक्रोशीत ‘मिशन हॉस्पिटल’ म्हणून ओळखले जाणारे रुग्णालय, केवळ या रोगासाठी असलेले रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालय आणि १९६२ मध्ये स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे जत-आटपाडीपासून सीमेपलीकडच्या अथणी-चिकोडीपर्यंतचे रुग्ण येथे येत राहिले आहेत. प्रतिक्रियेच्या रुग्णाला त्वचारोगतज्ज्ञ, नेत्रतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ आणि पादत्राणे घडवणारा कारागीर हे सारे लागतात, व ते जवळजवळ असणे ही या शहराची जमेची बाजू आहे.

संशोधन : या विषयातील प्रतिरक्षाशास्त्रीय संशोधनात इंदिरा नाथ (१९३८–२०२१) यांचे स्थान फार वरचे आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतून वैद्यकीय पदवी घेऊन त्या इंग्लंडला गेल्या, तेथे जॉन टर्क व आर. जे. डब्ल्यू. रीस यांच्याबरोबर काम करताना कुष्ठरोगाकडे वळल्या आणि परत येऊन त्याच संस्थेत त्यांनी हे काम उभे केले. लेप्रोमॅटस रुग्णाच्या टी-लसिकापेशी फक्त याच जंतूपुढे गप्प का बसतात, हा त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न होता. रुग्णांच्या भक्षिपेशी व लसिकापेशी एकत्र वाढवून हा प्रतिसाद कोठे अडतो हे त्यांनी शोधले. निवृत्तीनंतरही, वयाच्या सत्तरीपुढे, त्यांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिले की प्रतिक्रियांच्या काळात टीएच-१७ या दाहकारक पेशींचा जोर वाढतो व दाहाला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशी घटतात. हे निष्कर्ष प्रतिक्रियेचे स्वरूप टी-पेशींच्या टीएच-१ व टीएच-२ या आधीच्या दोन गटांच्या चौकटीत पूर्णपणे मावत नाही असे सुचवतात. त्यांना १९९९ मध्ये पद्मश्री व २००२ मध्ये विज्ञानातील स्त्रियांसाठीचा लॉरिआल-युनेस्को पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रात नोशिर अंतिया यांनी विकृत झालेल्या हातांवर व चेहऱ्यांवर प्लास्टिक शस्त्रक्रिया करता करता मज्जातंतूच्या इजेच्या मूळ प्रश्नाकडे मोर्चा वळवला आणि मुंबईत त्यासाठी ‘फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च’ ही संस्था उभारली. शस्त्रक्रिया करणाऱ्याने प्रयोगशाळेपर्यंत जाण्याचे हे उदाहरण आपल्याकडे दुर्मीळ आहे.

स्टेरॉइडला पर्याय शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत. तीव्र पहिल्या प्रकारच्या प्रतिक्रियेत प्रेडनिसोलोनबरोबर अ‍ॅझाथायोप्रिन देऊन भारतात झालेल्या चाचणीत अपेक्षित लाभ दिसला नाही. दुसऱ्या प्रकारासाठी मेथोट्रेक्सेटची तपासणी हाती घेण्यात आली. कोणत्या रुग्णाला प्रतिक्रिया येणार हे आधीच सांगणारी, नेहमीच्या वापरातील रक्ततपासणी अद्याप उपलब्ध नाही. देशपातळीवर दर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट भारताने डिसेंबर २००५ मध्ये गाठले. ही गणना उपचार चालू असलेल्या रुग्णांची असते : सहा किंवा बारा महिन्यांची पाकिटे संपली की नाव नोंदवहीतून कमी होते, प्रतिक्रियेचा धोका मात्र त्यानंतरही राहतो. त्यामुळे औषधे पूर्ण झालेल्या, विशेषतः जंतूंचे प्रमाण अधिक असलेल्या रुग्णांची संवेदना व स्नायूंची ताकद पुढील काही वर्षे ठराविक काळाने तपासत राहणे आणि प्रेडनिसोलोनचा साठा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर असणे आवश्यक ठरते.