मेंदूची बक्षीस यंत्रणा, धूम्रपान आणि लठ्ठपणा

सुखद अनुभव हेरणारे, तो कशामुळे मिळाला हे ध्यानात ठेवणारे आणि त्याच्यामागे पुन्हा जायला लावणारे चेतापेशींचे जाळे म्हणजे मेंदूतील बक्षीस यंत्रणा. भुकेल्याला अन्नाकडे आणि तहानेल्याला पाण्याकडे वळवणे हे तिचे मूळ काम. तंबाखूतील निकोटीन याच जाळ्यात घुसते आणि तेल-तूप-साखरेचे खाणेही यालाच वारंवार चाळवते. त्यामुळे धूम्रपानाचे व्यसन आणि लठ्ठपणा या वरवर वेगळ्या दिसणाऱ्या तक्रारींची काही मुळे एकाच जागी आहेत. काहीच, कारण लठ्ठपणात अनुवंशिकता, हालचाल, झोप, औषधे आणि खिशाला परवडणारे अन्न यांचाही वाटा मोठा असतो.

1954 मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या. दांडी दाबली की मेंदूच्या ठरावीक भागाला विजेचे हलके उद्दीपन मिळे, आणि उंदीर ती दांडी पुन्हा पुन्हा दाबत राहिले. पुढे या जाळ्याचा कणा स्पष्ट झाला: मध्यमेंदूतील व्हेंट्रल टेगमेंटल भागातून निघालेले तंतू न्यूक्लिअस अॅक्युम्बन्स या मेंदूच्या खोलातल्या भागापर्यंत आणि कपाळामागच्या भागापर्यंत जातात व तेथे डोपामीन हे संदेशवाहक रसायन सोडतात. डोपामीनला सर्रास ‘आनंदाचे रसायन’ म्हटले जाते, पण ते फारच ढोबळ आहे. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फराम शुल्ट्झ यांच्या प्रयोगांत, दिवा लागला की फळांचा रस मिळतो हे माकडांना कळून चुकले, तेव्हा डोपामीन पेशी रसाऐवजी दिव्यालाच प्रतिसाद देऊ लागल्या. दिवा लागूनही रस आला नाही, तर त्या मंदावत. डोपामीन चवीपेक्षा अपेक्षेचा हिशेब जास्त ठेवते.

सांगलीतल्या कुठल्याही गजबजलेल्या पानटपरीवर हे रोज पाहायला मिळते. खांबाला बांधलेली धुमसती सुतळी दिसली आणि हातात चहाचा ग्लास आला की नेहमीचा ओढणारा खिसा चाचपू लागतो. मघाच्या सिगारेटचे निकोटीन रक्तातून पुरते उतरलेलेही नसते. शेजारच्या गाड्यावर मिरची भज्यांचा घाणा निघाला की भरल्या पोटाचा माणूसही थबकतो. दोघांना खेचणारी वाट एकच.

धूर ओढल्यावर साधारण 10 ते 20 सेकंदांत निकोटीन मेंदूत पोहोचते आणि अॅसिटिलकोलिन या नैसर्गिक संदेशवाहकासाठी असलेल्या ग्राहींवर, म्हणजे पेशीवरच्या संदेश टिपणाऱ्या जागांवर, जाऊन बसते. परिणामी डोपामीन पेशी जोमाने चेततात. रोज निकोटीन मिळू लागले की या ग्राहींची संख्या वाढते. रक्तातील निकोटीन सुमारे दोन तासांत निम्म्यावर येत असल्याने तलफ दिवसभर ठराविक अंतराने येत राहते, आणि सकाळची पहिली सिगारेट सगळ्यात ‘लागते’. बिडीची आणखी एक भानगड आहे: ती सारखी विझते. पेटती ठेवायची तर झुरके जास्त आणि खोल घ्यावे लागतात. बारीक दिसते म्हणून ती सौम्य असते असे नाही.

अन्नाची गोष्ट थोडी वेगळी आहे. 1994 मध्ये सापडलेले लेप्टिन हे संप्रेरक चरबीच्या साठ्याची खबर मेंदूला देते, तर 1999 मध्ये सापडलेले घ्रेलिन हे संप्रेरक रिकाम्या जठराकडून भुकेचा निरोप आणते. हे निरोप मेंदूतील भूक सांभाळणाऱ्या अधश्चेतकाकडे (हायपोथॅलॅमस) जातात तसेच बक्षीस यंत्रणेकडेही. म्हणून उपाशीपोटी साधी भाकरीही गोड लागते आणि पोट भरल्यावर तिच्यात राम उरत नाही. निकोटीनला अशी कुठलीच तृप्तीची आडकाठी नाही. मात्र काही पदार्थ ही आडकाठी सहज ओलांडतात. मेद आणि कर्बोदके एकत्र असलेले खाणे, तितक्याच उष्मांकांच्या नुसत्या मेदाच्या किंवा नुसत्या कर्बोदकांच्या खाण्यापेक्षा लोकांना अधिक हवेसे वाटते, असे 2018 मधील एका अभ्यासात दिसले. निसर्गात हा मेळ दुधाखेरीज क्वचितच आढळतो. शेजारच्या साताऱ्याचा कंदी पेढा म्हणजे तेच दूध आटवून वर साखर घातलेले. एकावर हात थांबत नाही यात नवल नाही.

दोन्ही सवयींच्या नात्यातला सर्वांत गुंतागुंतीचा भाग भुकेचा आहे. निकोटीन अधश्चेतकातील तृप्ती देणाऱ्या पेशींना उद्दीपित करते, हे 2011 मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दिसले. शिवाय ते चयापचय किंचित वाढवते. धूम्रपान करणारे सरासरीने थोडे हलके असतात ते यामुळे. पण भरपूर ओढणारे हे कमी ओढणाऱ्यांपेक्षा बहुधा जाड असतात आणि त्यांच्या पोटावर चरबी अधिक साठते. नाते उलट दिशेनेही चालते. ब्रिटनमधील यूके बायोबँक या लाखो लोकांच्या आरोग्य-नोंदींच्या संग्रहातील माहितीवर 2018 मध्ये झालेल्या जनुकीय विश्लेषणात, वजन वाढवणारी जनुके असलेल्यांमध्ये धूम्रपानाची शक्यता आणि रोजच्या सिगारेटींची संख्या दोन्ही जास्त आढळली.

डोपामीनच्या ‘डी-2’ ग्राहींचा पुरावा मात्र गाजला तेवढा भक्कम नाही. 2001 मध्ये जीन-जॅक वांग, नोरा वोल्काव आणि सहकाऱ्यांनी अतिलठ्ठ व्यक्तींत हे ग्राही कमी असल्याचे दाखवले. व्यसनाधीनांतही तसेच दिसले होते. त्या अभ्यासात लठ्ठ व्यक्ती होत्या अवघ्या 10, आणि नंतरच्या निष्कर्षांत एकवाक्यता राहिली नाही. ‘साखर म्हणजे दुसरे कोकेन’ अशी वाक्ये यावरून करणे घाईचे आहे.

सांगली जिल्ह्यात या विषयाला वेगळी धार आहे. कृष्णेच्या खोऱ्यात उसाचे फड आणि साखर कारखाने, तर त्याच खोऱ्यात दक्षिणेला निपाणीची बिडी-तंबाखूची बाजारपेठ. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात 3.8 टक्के प्रौढ धूम्रपान करत, पण चुना लावून मळलेली तंबाखू, मिश्री, गुटखा असे धूरविरहित प्रकार वापरणारे 24.4 टक्के होते. निकोटीन गालफडातून शिरले तरी मेंदूतली वाट तीच. पहाटे फडात उतरताना बार भरला की न्याहारी लांबते, हे ऊसतोड टोळ्यांतल्या कुणालाही ठाऊक असते.

‘सोडली की अंग सुटतं’ ही तक्रारही खरी आहे. सिगारेट सोडल्यावर पहिल्या वर्षात सरासरी चार ते पाच किलो वजन वाढते, त्यातले बरेचसे पहिल्या तीन महिन्यांत. भूक मोकळी होते, जिभेला चव परत येते आणि तोंडाला काहीतरी चाळा लागतो. तरीही सरासरीवरून घाबरण्याचे कारण नाही: सोडणाऱ्यांपैकी सुमारे 16 टक्क्यांचे वजन उलट घटते. वजन वाढलेल्यांनाही मृत्यूचा धोका ओढत राहिलेल्यांपेक्षा कमीच असतो. सडपातळ राहण्यासाठी सिगारेट चालू ठेवणे हा निव्वळ आतबट्ट्याचा व्यवहार आहे. तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या राष्ट्रीय क्विटलाइनचा 1800-11-2356 हा क्रमांक विनामूल्य आहे. निकोटीनचे च्युइंगम चालू असेपर्यंत वजनवाढही काहीशी रोखली जाते.

दोन्ही प्रश्नांची वाट एक असल्याचे औषधांतूनही दिसले. सिगारेट सोडवण्यासाठी वापरले जाणारे ब्युप्रोपिऑन, दारू व अफूच्या व्यसनावर वापरल्या जाणाऱ्या नाल्ट्रेक्सोनच्या जोडीने 2014 पासून अमेरिकेत लठ्ठपणावरही दिले जाते. रिमोनाबांटची कहाणी वेगळी. गांजातील द्रव्य ज्यांवर काम करते ते कॅनाबिनॉइड ग्राही रोखणारे हे औषध युरोपात 2006 मध्ये वजन कमी करण्यासाठी आले आणि धूम्रपान सोडवण्यासाठीही त्याच्या चाचण्या झाल्या. वजन घटले, सिगारेटीही काहींच्या सुटल्या. पण खाण्या-ओढण्याची ओढ कमी करताना त्याने अनेकांना नैराश्यात लोटले, आत्महत्येचे विचारही नोंदले गेले. 2008 मध्ये युरोपात त्याची विक्री थांबली आणि 2009 मध्ये भारतानेही त्यावर बंदी घातली.