बेडक्यातील कॅन्डिडा आणि फ्लुकोनॅझोल: एक खुलासा
दमा किंवा सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसांचा दीर्घकालीन आजार) असलेल्या रुग्णाच्या बेडक्यात कॅन्डिडा ही यीस्ट (एक प्रकारची बुरशी) आढळली, की फुप्फुसात बुरशीसंसर्ग झाला असून फ्लुकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाने तो बरा होईल, ही जुनी समजूत दोन्ही अंगांनी चुकीची आहे. कॅन्डिडा निरोगी माणसाच्या तोंडातही असते, इनहेलरमधून स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या तोंडात तर ती सहज वाढते, आणि बेडक्यात बहुधा तिथूनच उतरते. बेडक्यात दिसलेल्या अशा वाढीला क्वचितच औषध लागते. बेडक्याच्या तपासणी अहवालात एखाद्या औषधापुढे लिहिलेला ‘संवेदनशील’ हा शेरा त्या औषधाने प्रयोगशाळेत बुरशीची वाढ रोखली गेली एवढेच सांगतो; रोग आहे की नाही, हे त्यातून मुळीच ठरत नाही. शिवाय कॅन्डिडा क्रुसेई ही प्रजाती फ्लुकोनॅझोलला उपजतच दाद देत नाही आणि कॅन्डिडा ग्लाब्राटा या प्रजातीवर ते अनेकदा कमी पडते, म्हणून कॅन्डिडा रक्तात सापडल्यास (खरी आणीबाणी ती!) प्रजाती ओळखून संवेदनशीलता तपासावीच लागते.