लासलगावचा कोबाल्ट आणि इराणचं ६०%

इराणने ६०% पर्यंत समृद्ध केलेल्या युरेनियमची बातमी आली की आपल्या नाशिकमध्ये कुणीतरी हमखास विचारतं, मग लासलगावच्या कांद्याच्या प्लांटमध्ये पण रेडिएशन आहे ना, त्यातून बॉम्ब नाही का होणार? नाही होणार. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली सुरू केलेल्या त्या 'कृषक' प्लांटमध्ये कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी धातू आहे, त्याच्या गॅमा किरणांमुळे साठवलेल्या कांद्याला कोंब येत नाहीत, बस. कांदा किरणोत्सारी होतो हे फॉरवर्ड धादांत खोटं आहे, पुढे पाठवू नका. कोबाल्टमध्ये साखळी अभिक्रियाच (एक अणू फुटून त्याने पुढचे फोडत जाणं) होत नाही, बॉम्बला युरेनियम-२३५ किंवा प्लुटोनियम लागतं.

आता ते ६०% म्हणजे काय (समृद्ध करणं म्हणजे युरेनियममधला २३५ चा वाटा वाढवणं) ते नीट बघा, कारण बातम्यांमध्ये हे कुणी सांगतच नाही. खाणीतल्या युरेनियमचे १००० अणू घेतले तर त्यात २३५ वाले फक्त ७, बाकी जवळपास सगळे २३८. दोघांची केमिस्ट्री सेम, फरक तीन न्यूट्रॉनचा, त्यामुळे युरेनियमचा वायू करून सेंट्रिफ्यूजमध्ये प्रचंड वेगाने फिरवतात, जड अणू किंचित जास्त कडेला जातात, पण एका मशीनमध्ये हा फरक इतका किरकोळ पडतो की शेकडो-हजारो मशीन एकमेकांना जोडावी लागतात. त्यातून नको असलेले २३८ वाले ८०० काढले की उरतात २००, त्यात आपले ७, म्हणजे ३.५%, हे वीज बनवणाऱ्या अणुभट्टीचं इंधन. अजून १६५ काढले की उरले ३५, झालं २०%. अजून २३ काढले की १२ उरले, जवळपास ६०%. आणि तिथून ९०% च्या आसपास जायला फक्त ४ अणू काढायचे! (प्रत्यक्षात थोडं २३५ वाया जातं, पण हिशोब असाच.) म्हणजे ६० ते ९० हे अंतर कागदावर मोठं दिसतं पण मेहनत जवळजवळ सगळी आधीच झालेली असते, म्हणूनच २०१५ च्या अणुकरारात इराणला ३.६७% ची मर्यादा घातली होती. आणि म्हणूनच आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक सील, कॅमेरे लावून किलोकिलोचा हिशोब ठेवतात, अतिसमृद्ध (२०% किंवा जास्त) मालात २३५ चे २५ किलो इकडचे तिकडे झाले तर बॉम्बची शक्यता नाकारता येत नाही असं ते धरतात.

कोबाल्टची काळजी वेगळी, ती चोरीची आणि भंगाराची. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत एका विद्यापीठाचं कोबाल्ट-६० असलेलं जुनं गॅमा यंत्र लिलावात भंगारवाल्यांकडे गेलं, त्यांनी ते फोडलं आणि रेडिएशनने एक कामगार दगावला. कोबाल्ट-६० चा जोर ५.२७ वर्षांनी निम्मा होतो, पण निम्मा झालेला सोर्सही जीव घेऊ शकतो, म्हणून वापरातून काढल्यावरसुद्धा त्याची नोंद आणि पहारा सुटता कामा नये.